चल, आला देश

खडकमाळ, निरवांगीजवळ, ता. इंदापूर
१८ नोव्हेंबर १९९७

चि. भीमास थोरल्या भावाचा आशीर्वाद.

मेंढरांच्या फिरत्या वाड्याला पत्ता नसतो म्हणून हे पत्र घाटाखालच्या संभाजीशेठच्या दुकानावर टाकत आहे. तू तिथं मीठ आणि चहापूड न्यायला येतोस हे मला माहीत आहे. संभाजीशेठ, माझा रामराम घ्यावा. माझा धाकटा भाऊ भीमा अक्षरओळख नसलेला आहे, त्याला हे पत्र सावकाश वाचून दाखवावे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर ते जाऊ द्यावे आणि मग वाचावे.

भीमा, माझ्या उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. बारामतीच्या डॉक्टरनं जाड भिंगाचा चष्मा दिला. अक्षर दिसतं, पण ओळ वर चढते. चौथीपर्यंतची शाळा, त्यात हात थरथरतो. वाचायला अवघड गेलं तर संभाजीशेठनी राग धरू नये.

मी डोळ्याला पट्टी बांधून बारामतीच्या दवाखान्यात पडलो होतो, त्याच दिवशी हे सगळं झालं. तुझी मेंढरं दादासोच्या टोमॅटोत शिरली आणि माझ्या या पोरानं सख्ख्या चुलत्याची मेंढरं गावच्या कोंडवाड्यात घातली. घरी आलो तर माळ रिकामा. शेजारी म्हणाले, भीमानं चावडीच्या पायरीवर शपथेला देवाचा भंडारा उचलला आणि सगळ्यांसमोर बोलला की माझ्या मेंढराचा पाय पुन्हा खडकमाळच्या शिवेत पडणार न्हाय. आमच्या घरचं पाणीही न पिता गेलास.

उचललेला भंडारा बहिणीजवळ ठेवायचा, ती आपली रीत. तू पळसदेवला आपल्या सिंधूकडे त्याची पुरचुंडी ठेवून पुढे गेलास, हे तिनं कळवलं. म्हणजे तू ते रागाच्या भरात बोलला नव्हतास. मला त्याचीच भीती वाटते. नुसतं बोललेलं माणूस विसरतो, पुरचुंडीत बांधलेलं कसं विसरणार?

आपण वेगळे झालो तेव्हा मीच वाटे घातले आणि तू आधी उचललास. कुरबूर झाली नाही. मी माझा वाटा विकला कारण पायांनी साथ सोडली होती आणि दादासोला शेती करायची होती. घरचा देव तुझ्या घोडीवर राहिला. पावसाळ्यात तू माळावर आलास की मी रोज देवाला आणि मेंढरांना बघायला यायचो. आता दोन्ही नाहीत. सकाळी उठून कुठं जायचं तेच कळत नाही.

एक मागणं आहे. पांढऱ्या कानाच्या मेंढीची जी वेल आपल्याकडे आहे, त्यातलं एक कोकरू माझ्यासाठी राखून ठेव. दारात बांधीन. एका मेंढरामागं फिरायला पाय पुरतील.

तुझ्या कारभारणीची, कुशाबाईची कंबर कशी आहे ते कळव. घाटात तिला घोडीवर बसव.

तुझा तात्याबा


३० डिसेंबर १९९७

चि. भीमा, आशीर्वाद.

उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं मनाला सांगतो. तिकीट कमी लावलं का, असंही वाटतं. संभाजीशेठ, पत्र पोचलं असेल तर नुसतं "पोचलं" एवढं तरी कळवावे.

गावात नवीन चाललं आहे ते लिहितो. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून उपसरपंच आबासाहेबांनी माळावर बाग करायचं ठरवलं आहे. तू मेंढरं बसवायचास तीच जागा. बागेला 'देशभक्ती उद्यान' नाव द्यायचं. चारी बाजूंनी तारा ओढल्या, खड्डे घेतले. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवकडचा काळा गाळ ट्रकनं आणून टाकायचा म्हणतात. आणि पंचायतीनं ठराव केला की यापुढे माळावर कोणाचीही मेंढरं बसवायची नाहीत. कोणाचीही म्हणजे तुझीच, गावात मेंढरांची दुसरी खिल्लारं आहेत कुठं?

मी त्या बैठकीला होतो. मी आबासाहेबांना म्हणालो, भीमा पावसाळ्यात येईल तेव्हा कुठं बसेल? तर ते हसून म्हणाले, "तात्या, तुमचा भाऊ आठ म्हयने कोकणात आसतो. ना मतदार यादीत नाव, ना घरपट्टीत. ज्येला गावच न्हाय त्येला कसला देश न कसली देशभक्ती?"

सगळे हसले. वाईट हेतूनं हसले असं नाही. आबासाहेबांच्या तोंडाला सुटी नसते, सगळ्यांनाच बोलतात. पण मी चष्मा पुसत बसलो. घरी येऊन जेवलो नाही. रात्रभर उत्तरं सुचत होती आणि एकही बरोबर वाटत नव्हतं.

वर आणि दुसरं संकट. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा झाल्यावर गावातल्या वयस्क माणसानं देशभक्तीवर चार शब्द बोलायचे असं ठरलं आणि आबासाहेबांनी माझं नाव घेतलं. मी नको नको म्हणत राहिलो. आता तो शब्दच डोक्यात बसला आहे. लहानपणी आपल्या घरात हा शब्द कोणी वापरल्याचं आठवत नाही. तुला आठवतो का? बाच्या तोंडून देव, पाऊस, लांडगा, सावकार हे शब्द ऐकले. देश म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख एवढंच ठाऊक. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं, वळवाच्या आधी देशावर यायचं.

परतताना घाटमाथ्यावर बा थांबायचा आणि काहीतरी बोलायचा. मी पुढं मेंढरांबरोबर असायचो, मला ऐकू यायचं नाही. तू मागं बाजवळ असायचास. काय म्हणायचा ते आठवलं तर कळव. आणि नीरा नदी आली की तो घोडीवर चढून बसायचा, गुडघाभर पाणी असलं तरी. आपण म्हणायचो, थोरलेपणाचा मान मिरवतोय. तेही आठवतं का?

भाषणासाठी विचारत नाही. मला माहीत करून घ्यायचं आहे.

(संभाजीशेठ, यापुढचं वाचून दाखवू नये. दादासो अजून माझ्याशी त्या विषयावर बोलत नाही. मीही काढत नाही. पोराला घाबरतो असं नाही, पण तो एमआयडीसीतल्या दूध डेअरीत रात्रपाळी करून मोटारसायकलवर येतो, आल्या आल्या मोटर चालू करून शेतात जातो. कष्टाचं पीक डोळ्यांदेखत तुडवलं गेलं त्याचं. कोणाला काय बोलणार. भीमाला हे कळलं तर तो म्हणेल, तात्या पोराचीच बाजू घेतो.)

तुझा तात्याबा


१९ जानेवारी १९९८

चि. भीमा,

शाळेत मराठी शिकवणाऱ्या कौसल्याबाईंकडे गेलो होतो. तरुण बाई आहेत, इंदापूरहून एसटीनं येतात. मी म्हणालो, बाई, या शब्दाचा अर्थ काय आणि तो कुठून आला ते सांगा, मला सव्वीस तारखेला हसं करून घ्यायचं नाही. त्या हसल्या नाहीत. दोन जाड कोश काढून बसल्या, मुलांना खेळायला सोडलं.

बाईंनी सांगितलं ते जसं समजलं तसं लिहितो. चुकलं तर माझी चूक.

देश हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ दाखवणे. बोट करून दाखवायची ती दिशा आणि बोट करून दाखवलेली जागा तो देश. आणि भक्ती. मला वाटत होतं भक्ती म्हणजे हात जोडणे, टाळ वाजवणे. बाई म्हणाल्या, ते नंतरचं. मूळ धातूचा अर्थ वाटणे, वाटा घेणे. भाग त्यातूनच आला, विभक्तही त्यातूनच. ताटातला भातसुद्धा त्याच कुळातला, वाट्याला आलेलं अन्न. ज्याचा देवात वाटा आहे तो भक्त.

मी पुन्हा विचारलं, "म्हंजे भावाभावांत वाटे घालत्यात, त्यातलाच ह्यो शब्द?"

बाई म्हणाल्या, "त्याच घरातला, तात्या."

दोन्ही शब्द जुने, पण ते जोडून आजच्या अर्थानं बोलायला लागले ते इंग्रजी अमदानीत. इंग्रजांचा एक शब्द होता, पेट्रियट की काय, त्याला जोडीदार हवा होता म्हणून. नक्की साल बाईंनाही माहीत नाही. मग त्यांनी इंग्रजांच्या शब्दाचं मूळ सांगितलं. तो शब्द ग्रीक लोकांचा. त्यात बाप आहे. बापाच्या मुलखातला माणूस, असा अर्थ. पण ग्रीक लोक स्वतःच्या शहरातल्या माणसाला तो शब्द लावत नसत, त्याला नागरिक म्हणत. तो शब्द बाहेरच्यांसाठी होता. ज्यांना शहर नाही, हक्क नाही, सभेत जागा नाही, पण ज्यांच्या बापाचा मुलूख एक आहे, अशा लोकांना तो लावायचे.

मी बाईंना ते तीन वेळा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना त्यांनाही काहीतरी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ कधी येणार? मी म्हणालो, पावसाच्या आत. खोटं बोललो का ते तुझ्यावर आहे.

घरी येईपर्यंत निम्मं विसरलो. कागदावर लिहायला हवं होतं. आता रोज सकाळी मनात घोकतो. दाखवणे, वाटणे, बाप. दाखवणे, वाटणे, बाप. दादासोनं विचारलं, काय पुटपुटताय? मी म्हणालो, देवाचं नाव.

कोकराची आठवण ठेव. पाट असेल तर बरं, नर नको. नराला सांभाळायची ताकद राहिली नाही.

तात्याबा


२८ जानेवारी १९९८

चि. भीमा,

तुझं उत्तर आलं. सव्वीसच्या दोन दिवस आधी पोस्टमननं कार्ड दिलं. अक्षर संभाजीशेठचं होतं, पण मी पहिल्यांदा तुझं नाव वाचलं आणि मग खाटेवर बसून बाकीचं. संभाजीशेठनी लिहिलं आहे, "दोन्ही पत्रे वाचून दाखवली. ऐकून घेतली. दुसरे पत्र पुन्हा वाचायला लावले. जे वाचू नका म्हणून लिहिले होते तेही वाचले, कारण ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते." संभाजीशेठ, तुम्ही हे बरोबर केलं नाही. पण आता झालं.

आणि शेवटी तुझं एक वाक्य. "बा माणसाशी काय बोलत नव्हता. घाटमाथ्यावर कुत्र्याला म्हणायचा, चल, आला देश."

भीमा, मी ते कार्ड खिशात ठेवून भाषणाला गेलो.

भाषण चांगलं झालं नाही. आधीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. झेंडा झाला, पोरांनी कवायत केली, मग माझं नाव पुकारलं. माइकमधून माझाच श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. देशाचा अर्थ सांगितला. वाटणीचा सांगितला. मग ग्रीक लोकांचं सांगताना ग्रीक हा शब्दच आठवेना, तर म्हणालो, "लांबचे एक लोक हुते." पोरं हसली. मी म्हणालो, त्या लोकांत हा शब्द गाव नसलेल्या माणसासाठी होता. ज्याला सभेत बसू देत नसत त्याच्यासाठी. त्याच्याकडे बापाचा मुलूख तेवढा असायचा.

आबासाहेब खुर्चीतूनच बोलले, "म्हंजे तात्या, मेंढकंच पयले देशभक्त म्हणा की."

पुन्हा हशा. पण या वेळी मी चष्मा पुसत बसलो नाही. मी म्हणालो, "मी तसं म्हटलं न्हाय आबासाहेब. तुमी म्हटलात, बरं झालं."

त्यावर जास्त हसले आणि आबासाहेबही हसले. मग मला कोंडवाड्याचं बोलायचं होतं. ज्याचा या मातीत वाटा आहे त्याची जनावरं आपण कोंडली, असं वाक्य मी ठरवून गेलो होतो. तेवढ्यात मागं दादासो दिसला. पाळीवरून तसाच आला होता, मोटारसायकलवर बसून ऐकत होता, पाय जमिनीला टेकवून. मला ते वाक्य बोलता आलं नाही. म्हणालो, "आमचा बा घाट चढून आला की कुत्र्याला सांगायचा, चल, आला देश. मला एवढंच ठावं." आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या, पण माणसं बुचकळ्यात पडून वाजवतात तशा.

पोरांना जिलेबी वाटायच्या आधीच दादासो निघून गेला. रात्री जेवताना म्हणाला, "आजा कुत्र्याशी बोलायचा?" मी व्हय म्हणालो.

मी आता थकलो आहे. शब्दाचा अर्थ कळून काय उपयोग, माळ रिकामा तो रिकामाच.

तात्याबा


१२ एप्रिल १९९८

चि. भीमा,

मधे पत्र टाकलं नाही. तापानं पडलो होतो. आता बरा आहे, काळजी करू नकोस. करत असलास तर.

सिंधूचा निरोप आला की तू तिला कळवलंस, यंदा पावसाळ्यात पळसदेवला धरणकाठी बसणार. पाणी चढेपर्यंत तिथं गवत भरपूर असतं, हे मला कळतं. मेंढरांचं भलं होईल. पण माझं काय? तुझ्या वहिनीच्या माघारी मला रात्रीचं बोलायला कोण आहे? तू माळावर असलास की चार महिने बोलायचो आणि उरलेले आठ महिने त्यावर काढायचो.

इथली हकीकत ऐक. बागेची सगळी रोपं जळाली. आबासाहेबांनी पळसदेवचा गाळ हौसेनं आणून टाकला. खाली मुरूम, वर तो चिकण गाळ. उन्हानं विटेसारखा भाजला, पाणी घातलं तर वरच्या वर वाहून जातं. एकेका रोपाच्या बुंध्याशी भेगा. एक मेला नाही तो फक्त नावाचा फलक.

परवा आबासाहेब घरी आले. असे कधी येत नाहीत. चहा घेतला, माझ्या डोळ्याची चौकशी केली, मग म्हणाले, "तात्या, भीमाची मेंढरं चार रात्री बागंत बसवायला पायजेत. लेंडी-मुतानं जमीन फुटंल. बाकी कशानं न्हाय व्हायची ती."

मी म्हणालो, "मेंढरं बसवायची न्हाईत असा तुमचा ठराव हाय."

"ठराव आमीच केला, आमीच मोडू."

मी म्हणालो, "त्येला तर देश न्हाय म्हणला हुता तुमी."

आबासाहेब खाली बघत बशी फिरवत राहिले. मग म्हणाले, "माणूस बोलतो वो तात्या. सगळं धरून ठिवायचं नसतं." नंतर जाता जाता दारात थांबले. "त्येला सांगा, चार रातीसाठी न्हाय. माळ त्येचाच हाय. झाडांच्या मधनं बसवायची, दरसाल."

त्यांनी तोंडानं माफी मागितली नाही. पण एवढं बोलायला उपसरपंचाला किती वेळ दारात उभं राहावं लागलं ते मी पाहिलं.

मी मात्र हो म्हणू शकलो नाही. ठराव मोडता येतो, भंडारा कसा मोडायचा? तू मोडलास तर देव तुझ्या घोडीवर आहे, तुझ्या कोकरांत आहे. तुला काही झालं तर मी कोणत्या तोंडानं जगू? ये म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर जीव राहत नाही. रोज पहाटे उठून माळाकडे जातो आणि फलक वाचून परत येतो. देशभक्ती उद्यान. आत नुसती काटकं.

तात्याबा


४ मे १९९८

चि. भीमा,

हे पत्र तू घाट चढायच्या आत तुझ्या हाती पडलं पाहिजे. म्हणून दादासोनं ते बारामतीच्या मोठ्या पोस्टात टाकायचं कबूल केलं आहे. संभाजीशेठ, या वेळी काही गाळू नये, सगळं मोठ्यानं वाचावं.

काल मी पळसदेवला गेलो होतो. दादासोला म्हणालो, मला सिंधूकडे सोड. का, कशाला, काही विचारलं नाही. मोटारसायकलवर मागं बसून गेलो, त्याच्या कमरेला धरून. लहानपणी तो माझ्या खांद्यावर असाच बसायचा.

पाणी खूप खाली गेलं आहे. धरणात बुडालेलं जुनं देऊळ पुरतं बाहेर आलं आहे, खांबांना शेवाळ वाळून चिकटलं आहे. सिंधू आम्हाला तिथंच घेऊन गेली. तिचं जुनं घर कुठं होतं ते बोट करून दाखवलं. तिथं एक होडी उपडी पडली होती. मी म्हणालो, लोक म्हणतात तुम्ही देशासाठी गाव दिलं. ती म्हणाली, "आमी कुठं दिलं? पाण्यानं नेलं. पर दर उन्हाळ्याला बघाया येते. माझा वाटा हाय हितं." तिला मी शब्दाचा अर्थ काही सांगितला नव्हता.

मग मी तिला माझी सगळी अडचण सांगितली. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "तात्या, बा घोडीवरनं नीरा का वलांडायचा, ठावं हाय तुला?"

मी म्हणालो, थोरलेपणाचा मान.

"कसला मान. धाकट्या चुलत्यानं भांडणात भंडारा उचलला हुता, की नीरंच्या पाण्यात पाय घालणार न्हाय म्हणून. वाडा नदीच्या काठाला आडकून पडला. तवा बानं ती शपत आपल्या कपाळाला घेतली. धाकट्याची थोरल्यानं घेतली तर चालती. तवापासनं बा मरुस्तवर नीरंत उतरला न्हाय. मला आईनं सांगितलं हुतं."

भीमा, मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. आपण त्याला हसायचो. बा एका शब्दानंही बोलला नाही.

सिंधू घरी जाऊन पुरचुंडी घेऊन आली. मी टोपी काढली. तिनं तुझा भंडारा माझ्या कपाळाला लावला आणि मी तुझे शब्द माझ्या तोंडानं म्हटले. माझ्या मेंढराचा पाय पुन्हा खडकमाळच्या शिवेत पडणार न्हाय. दादासो तिथंच उभा होता. उरलेला भंडारा सिंधूनं पाण्यात सोडला.

आता ती शपथ तुझी नाही. तुझी मेंढरं मोकळी आहेत. बांधली गेली ती माझी, आणि मला मेंढरं आहेतच कुठं?

येताना गावच्या शिवेवर दादासोनं गाडी थांबवली, कारण नसताना. मग म्हणाला, "टोमॅटूचा प्लॉट संपलाय. येल उपटणार हुतो उद्या." मी म्हणालो, मग? तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. कुंपण काढतो. भीमाआण्णाची मेंढरं खातील."

मी त्याच्या पाठीला नुसता हात लावला. शेतकऱ्यानं प्लॉट न उपटता आणि कुंपण काढून ठेवणं म्हणजे काय, ते तुला मी लिहून सांगायला नको. आज सकाळी त्यानं खरंच तारा गुंडाळल्या.

तर ये. पळसदेवला बसायचं असेल तर बस, मी जबरदस्ती करत नाही, पण आधी इकडून ये. तू नीरा ओलांडलीस असं कळलं की मी शिवेच्या दगडाशी येऊन बसेन. दादासो येणार म्हणतो, पाळी बदलून घेतो. तू मागं असशील, तुझा कुत्रा पुढं असेल. दगडाशी आलास की बा म्हणायचा ते त्याला सांग. जरा मोठ्यानं सांग, मला आता कमी ऐकू येतं.

कुशाबाईला सांग, चुलीवर भाकरी तयार असेल, पाणी पिऊन नाही तर जेवूनच जायचं.

तुझा तात्याबा

ता. क. पांढऱ्या कानाचं कोकरू माझ्यासाठी राखू नकोस. राखलं असशील तर ते तुझ्याच कळपात राहू दे, माझं म्हणू नकोस. मी माळावर येऊन त्याला बघत जाईन.